टाकळीच्या दगडातले किडे आणि रेव्हरंड हिस्लॉप

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात टेंपल रोडवर हिस्लॉप कॉलेज उभे आहे. तेथे शिकलेल्या अनेक पिढ्यांना हे नाव चांगलेच परिचित आहे. मात्र त्या नावाचा माणूस कोण, असे विचारल्यास एक स्कॉटिश पाद्री, यापलीकडे उत्तर सहसा जात नाही. प्राणिशास्त्राच्या आणि भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत हे नाव वेगळ्याच संदर्भांत भेटते. एका हिरव्या खनिजाला, गोड्या पाण्यातील इवल्याशा जीवांच्या एका प्रजातीला, एका लुप्त वनस्पतीला, एका लुप्त माशाला आणि टाकळीच्या दगडात सापडलेल्या एका भुंगेऱ्याला रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. हे सारे नमुने नागपूर आणि त्याच्या दक्षिणेकडील मुलखातून गेले. ते जेथे पोहोचले त्या लंडन, एडिंबरो, डब्लिन, मुंबई आणि कोलकाता या शहरांतील विद्वानांनी त्यांचे वर्णन केले आणि त्यांना नावे दिली.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स या लहानशा गावी झाला. वडील गवंडीकाम करणारे आणि चर्चच्या कारभारात मानाचे स्थान असलेले गृहस्थ होते. घरात धर्माचे वातावरण कडक होते. त्यांचे एक थोरले बंधू अलेक्झांडर हेही पुढे पाद्री झाले आणि रोमन कॅथलिक पंथावर टीका करणाऱ्या एका ग्रंथामुळे बरेच गाजले. स्टीफन यांना निसर्गाचा नाद लावला तो रॉबर्ट या दुसऱ्या भावाने. एडिंबरो आणि ग्लासगो येथे शिक्षण चालू असताना धर्मशास्त्राबरोबर हा नादही टिकून राहिला.

१८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड दुभंगले. साडेचारशेहून अधिक पाद्री आपली घरे आणि वेतने सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्चची स्थापना केली. या नव्या चर्चला मध्य हिंदुस्थानात मिशन काढावयाचे होते. त्यासाठी तरुण हिस्लॉप यांची निवड झाली. १८४४ मध्ये इरॅस्मा हल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे दांपत्य मुंबईच्या बंदरात उतरले. फेब्रुवारी १८४५ मध्ये ते नागपुरास पोहोचले. रेल्वे नागपुरात येण्यास अजून २२ वर्षे बाकी होती.

त्या वेळचे नागपूर भोसल्यांचे होते. गादीवर तिसरे रघुजी होते, सीताबर्डीला ब्रिटिश रेसिडेंट होता आणि कामठीला कंपनीची मोठी छावणी होती. हिस्लॉप यांनी सीताबर्डीला मुक्काम केला, मराठी शिकून घेतली आणि १८४६ मध्ये शाळा काढली. शाळेत इंग्रजी आणि आधुनिक विषय शिकवले जात, तसे बायबलही शिकवले जाई. शाळेचा अंतिम हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो कोणी लपवूनही ठेवला नव्हता. त्यामुळे शहरातील सनातनी घराण्यांत शाळेविषयी संशय असणे स्वाभाविक होते. एका ब्राह्मण तरुणाच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून मिशन, भोसले दरबार आणि रेसिडेंट यांच्यात तीव्र वादही झाला. हिस्लॉप यांची धर्मप्रसारक म्हणून झालेली कामगिरी संख्येच्या दृष्टीने पाहिली तर मोठी नव्हती. त्यांना ज्या गोष्टीत असाधारण यश आले, ती त्यांच्या नेमणुकीच्या कागदात कोठेही नव्हती.

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे तरुण सहकारी नागपुरात दाखल झाले. दोघांचीही दगडांवर नजर. शाळेचे काम आटोपल्यावर फिरायला बाहेर पडावे आणि येताना खिशात खडे घेऊन यावे, असा क्रम सुरू झाला. सीताबर्डीची टेकडी, शहराच्या पश्चिमेकडील टाकळीचा परिसर, कामठीजवळच्या सिल्लेवाड्याच्या खाणी ही त्यांची नेहमीची ठिकाणे होती. हिवाळ्यात धर्मप्रचारासाठी गावोगाव दौरे होत. एकाच दौऱ्यात सकाळी बाजाराच्या गावी प्रवचन आणि दुपारी ओढ्याच्या काठी हातोडी, अशी दोन कामे उरकत.

टाकळीचे महत्त्व समजण्यासाठी नागपूरच्या जमिनीची थोडी माहिती हवी. दख्खनच्या पठाराचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा एकदम न येता थरावर थर असा येत गेला. दोन थरांच्या मध्ये कधीकधी बराच काळ शांततेचा जाई. त्या काळात तळी साचत, काठावर झाडे उगवत, पाण्यात गोगलगायी आणि मासे नांदत, हवेत किडे उडत. नंतर पुन्हा लाव्हा येई आणि ते सारे झाकले जाई. अशा गाळाचा जो पातळ पट्टा दोन काळ्या थरांमध्ये अडकून राहतो, त्याला आंतर-ट्रॅप स्तर म्हणतात. नागपूर हे दख्खन ट्रॅपच्या पूर्व कडेवर वसले असल्यामुळे असे पट्टे तेथे जमिनीच्या पृष्ठभागाजवळ उघडे पडलेले आढळतात. जेथे मुंबई-पुण्याच्या अभ्यासकाला शेकडो फूट काळा दगडच दिसला असता, तेथे नागपूरच्या पाद्र्याला घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर एक बुजलेले तळे सापडले.

या तळ्यातून काय निघाले, याची यादी मोठी आहे. गोड्या पाण्यातील शंख-शिंपले विपुल निघाले. फळे आणि बिया निघाल्या. मसुराच्या दाण्याहून लहान अशी शिंपल्यासारखी कवचे असलेले जलचर निघाले. आणि त्यांच्या सोबत किडेही निघाले.

कीटकाचा जीवाश्म ही दुर्मीळ वस्तू. रातकिडा, नाकतोडा किंवा चतुर मेला की त्याचे मऊ शरीर काही दिवसांत कुजून जाते अथवा मुंग्यांच्या पोटी जाते. भुंगेऱ्याचे तसे नाही. त्याच्या पुढच्या पंखांची जोडी कठीण होऊन पाठीवर ढालीसारखी बसलेली असते. शरीर नष्ट झाले तरी ही ढाल गाळात टिकू शकते. टाकळीच्या दगडांत हिस्लॉप यांच्या हाती आली ती मुख्यतः अशी सुटी पंख-आवरणे. आकाराने ती नखाएवढी किंवा त्याहून लहान. अशा वस्तूसाठी दगड फोडताना हात हलका आणि नजर तयार लागते. दगड फोडणाऱ्याला ते दिसले नाही, तर पुढच्या ठोक्याला ते नाहीसे होते.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. जीवशास्त्रात प्रत्येक जीवाचे नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. वाघ आणि सिंह या दोन जाती एकाच प्रजातीतल्या मानल्या जातात. वृत्तपत्रांतून हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यामुळे नवी प्रजाती सापडली या बातमीचे वजन वाचकाला कळत नाही. नवी जात सापडणे म्हणजे ओळखीच्या कुटुंबात आणखी एक भावंड भेटणे. नवी प्रजाती ठरवणे म्हणजे हा जीव ज्ञात असलेल्या कोणत्याच कुटुंबात बसत नाही, असे जबाबदारीने म्हणणे. त्यासाठी जवळच्या सर्व ज्ञात प्रजातींशी नमुना ताडून पाहावा लागतो. पंखावरील रेषा किती, त्यांतील खळगे कसे, कडा सरळ की वळलेली, सांधा कोठे, हे एकेक करून तपासावे लागते. नंतर त्याचे वर्णन, शक्यतो चित्रासह, छापून प्रसिद्ध करावे लागते. ज्या नमुन्यावरून वर्णन झाले तो नमुना जपून ठेवावा लागतो, कारण उद्या कोणी आक्षेप घेतला तर निवाडा त्याच नमुन्यावर व्हायचा असतो. पूर्ण कीटक हाती असतानाही हे काम नाजूक आहे. एका सुट्या पंखावरून ते करणे म्हणजे एका जोड्यावरून माणसाचे घराणे सांगण्यासारखे.

नागपुरात हे काम होण्याजोगी परिस्थिती नव्हती. तुलनेसाठी लागणारे कीटकांचे संग्रह नव्हते, ग्रंथालय नव्हते, चर्चेला एक हंटर सोडल्यास दुसरा जाणकार नव्हता. हिस्लॉप यांच्या जागी एखादा उतावळा हौशी संशोधक असता, तर त्याने अर्धवट माहितीवर नावे देऊन टाकली असती. त्या काळी तसे करणारे पुष्कळ होते. हिस्लॉप यांनी नमुने पेट्यांत भरून बाहेर पाठवले. त्यांच्या सगळ्या शास्त्रीय कार्यातील हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल.

किडे पोहोचले अँड्र्यू मरे यांच्याकडे. मरे हे एडिंबरोचे वकील; पण वकिलीपेक्षा भुंगेऱ्यांत अधिक रमणारे. १८६० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात नागपूरच्या जीवाश्म कीटकांवरील त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. ते जेमतेम चार पृष्ठांचे आहे. त्यात दोन नवी प्रजातिनामे आहेत. एका भुंगेऱ्याला त्यांनी लोमॅटस हिस्लोपी म्हटले, दुसऱ्याला मेरिस्टॉस हंटेरी. टाकळीच्या तळ्याकाठी कोट्यवधी वर्षांपूर्वी उडणारे दोन किडे अशा रीतीने दोन मित्रांच्या नावाने शास्त्रात दाखल झाले. दोन्ही नावे सुट्या अवशेषांवर उभी आहेत, ही त्यांची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी.

किड्यांच्या आधी पाच वर्षे नागपूरच्या एका मोठ्या शिकारी प्राण्याला नाव मिळाले होते. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा नदीच्या खोऱ्यात मांगली नावाचे गाव आहे. तेथील वालुकाश्मात एक कवटी मिळाली. आकार विलक्षण होता. डोके रुंद आणि चपटे, तोंड आखूड, जबडा भला थोरला. ही कवटी हिस्लॉप आणि हंटर यांच्यामार्फत लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांच्या टेबलावर आली. डायनोसॉर हा शब्द १८४२ मध्ये ज्यांनी घडवला, तेच हे ओवेन. १८५५ मध्ये त्यांनी या प्राण्यासाठी नवी प्रजाती केली आणि त्याचे नाव ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे ठेवले. अर्थ सरळ आहे: आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा. ओवेन यांनी त्याला सरपटणाऱ्यांत गणले होते. आज तो उभयचर समजला जातो, म्हणजे बेडकाच्या दूरच्या नात्यातला, पाण्यात दबा धरून भक्ष्य पकडणारा. त्याचे वय सुमारे २५ कोटी वर्षांचे धरले जाते. पुढे त्याच्या नावावरून एक संपूर्ण कुळ ओळखले जाऊ लागले. या कुळातील प्राण्यांचे अवशेष ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतही सापडले. ही भूखंडे एकेकाळी हिंदुस्थानशी जोडलेली होती, या सिद्धान्ताला अशा अवशेषांनी मोठे बळ दिले. मांगलीची ती कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

चौथी प्रजाती दगडातली नव्हती, जिवंत होती. नागपूर परिसरातील गोड्या पाण्यात हिस्लॉप यांना शंखांच्या पाठीवर चिकटून वाढणारी एक जाळीदार साय आढळली. नुसत्या डोळ्यांनी पाहिली तर ती शेवाळ्याचा डाग वाटावी. भिंगाखाली ती इवल्या इवल्या जीवांची वसाहत निघाली. प्रत्येक जीव आपल्या चौकटीत बसलेला आणि तोंडाभोवतीच्या तंतूंनी पाण्यातले कण टिपणारा. हे प्राणी ब्रायोझोआ या गटातले. या गटातील बहुतेक प्राणी समुद्रात राहतात. मुंबईत लष्करी डॉक्टर असलेले हेन्री जॉन कार्टर हे अशा सूक्ष्म जीवांचे जाणकार होते. त्यांनी १८५८ मध्ये या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नव्या प्रजातीला हिस्लोपिया असे नाव दिले. पूर्ण नाव हिस्लोपिया लॅकस्ट्रिस, म्हणजे तळ्यातली हिस्लोपिया. पुढे या प्रजातीवरून एका कुळालाही नाव मिळाले.

इतर नावांची कथा थोडक्यात सांगता येते. टाकळीला सापडणाऱ्या गवती हिरव्या रंगाच्या एका कॅल्साइटला डब्लिनचे सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ मध्ये हिस्लोपाइट म्हटले आणि दुसऱ्या एका खनिजाला हंटेराइट. कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मातील पानांचे ठसे सर चार्ल्स बनबरी यांनी अभ्यासले. १८६१ मध्ये त्यांतील एका वनस्पतीला त्यांनी हिस्लोपी हे जातिनाम दिले. आज तेलंगणात असलेल्या मलेरी या गावाजवळ हिस्लॉप यांना माशांचे चमत्कारिक दात मिळाले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये ते सेरॅटोडस या प्रजातीचे ठरवले आणि एका जातीला हिस्लॉप यांचे, दुसरीला हंटर यांचे नाव दिले. फुप्फुसाने श्वास घेणारा हा मासा तोपर्यंत फक्त दगडातच ठाऊक होता. १८७० मध्ये त्याचा जिवंत भाऊबंद ऑस्ट्रेलियातील नद्यांत सापडला, तेव्हा प्राणिशास्त्रज्ञांत खळबळ उडाली. हिस्लॉप ते पाहावयास नव्हते.

दरम्यान नागपूरचे राजकारण पालटले होते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने भोसल्यांचे राज्य खालसा केले. १८५५ मध्ये हंटर स्कॉटलंडला परतले. पुढे त्यांनी इंग्रजी भाषेचा एक प्रचंड ज्ञानकोशवजा शब्दकोश अनेक खंडांत संपादित केला. नागपुरात हिस्लॉप यांना आता एकट्यानेच हातोडी चालवायची होती. १८५७ च्या जून महिन्यात नागपुरात उठावाचा बेत आखला गेला. त्याचे एक केंद्र टाकळी येथील घोडदळाच्या छावणीत होते. ज्या परिसरात हिस्लॉप दगड फोडत, त्याच परिसरात हे घडत होते. तो बेत आधीच उघडकीस आला आणि फसला. एका मुस्लिम परिचिताने हिस्लॉप यांना आगाऊ सूचना दिल्याची आणि त्यांनी ती अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवल्याची हकीकत त्यांच्या चरित्रात आहे. हे चरित्र मिशनच्या वर्तुळातल्या जॉर्ज स्मिथ यांनी लिहिले व ते १८८८ मध्ये निघाले, हे ध्यानात ठेवून ती हकीकत वाचावी.

मायदेशीच्या रजेवर असताना हिस्लॉप यांना संग्रह, ग्रंथालये आणि तज्ज्ञ हाताशी मिळाले. त्याचा परिणाम १८६० च्या त्रैमासिकात स्पष्ट दिसतो. लाव्हाच्या थरांमधील गाळांवरचा त्यांचा प्रदीर्घ निबंध त्या अंकात आहे. मरे यांचे कीटक त्याच्या मागोमाग येतात आणि टी. रुपर्ट जोन्स यांचे टाकळीच्या कवचधारी जलचरांवरील टिपण त्यानंतर. या निबंधात हिस्लॉप यांनी शंख-शिंपल्यांच्या अनेक नव्या जातींचे वर्णन स्वतः केले. पॅलुडिना नॉर्मॅलिस ही त्यांतली एक. ज्या गटाचा अभ्यास झाला होता त्याची नावे त्यांनी स्वतः दिली. ज्यांचा नव्हता ते किडे आणि जलचर त्यांनी इतरांकडे सोपवले. लहानपणापासून निसर्गाचा छंद असलेल्या माणसाला हा संयम सोपा गेला असेल असे वाटत नाही.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे नव्हे. टाकळीचे स्तर त्यांनी इओसीन काळातले मानले. आजच्या मते ते त्याहून थोडे जुने, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातले आहेत. परंतु त्या वेळी खडकांचे वय मोजण्याची साधने नव्हती आणि शंखांच्या आकारावरून अंदाज बांधावा लागे, हे पाहता हा अंदाज फार दूरचा म्हणता येणार नाही. नागपूर राज्याच्या भूरचनेवरील त्यांचे सुरुवातीचे लेखन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आले होते. पुढची अनेक वर्षे या प्रदेशात येणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञांची सुरुवात त्या लेखनापासून होत असे.

दौऱ्यांत त्यांना दगडांबरोबर माणसेही भेटत होती. नागपूर, छिंदवाडा आणि चांदा या भागांतील गोंडांची भाषा, चालीरीती, देवता आणि गीते यांविषयी त्यांनी टिपणे केली. परधानांच्या तोंडची लिंगोची दीर्घ कथा त्यांनी मूळ गोंडीत उतरवून घेतली. गोंडांच्या धर्माविषयी लिहिताना त्यांच्यातील पाद्री कधी लपत नाही. शिक्षणाने आणि ख्रिस्ती शिकवणीने या लोकांचा उद्धार होईल, ही त्यांची श्रद्धा ओळीओळीतून जाणवते. तरीही लिंगोची कथा जशी ऐकली तशी, त्याच भाषेत लिहून ठेवण्याची काळजी त्यांनी घेतली. एक योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. ज्या खडकांतील पाने आणि प्राणी त्यांनी जमवले, त्या खडकांच्या मालिकेला त्यांच्या मृत्यूनंतर हेन्री मेडलिकॉट यांनी गोंडवन हे नाव सुचवले आणि त्यातूनच प्राचीन महाखंडाचे गोंडवन हे जगन्मान्य नाव रूढ झाले. गोंड आणि गोंडवनाचे खडक, या दोन्हींची दखल घेणारा माणूस मात्र ते नाव अस्तित्वात येण्यापूर्वीच गेला होता.

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. सर रिचर्ड टेंपल त्याचे चीफ कमिशनर झाले. टेंपल यांना प्रांताची सर्वांगीण माहिती हवी होती आणि ती हिस्लॉप यांच्याइतकी कोणाजवळ नव्हती. सप्टेंबर १८६३ च्या आरंभी दोघे नागपूरच्या दक्षिणेस बोरीच्या मुक्कामी गेले. जवळच टाकळघाट येथे प्राचीन शिळावर्तुळे आहेत. मोठमोठे दगड वर्तुळाकार मांडलेली ही दफनस्थळे पाहणे हा दौऱ्याचा एक हेतू होता. ४ सप्टेंबरला ती पाहून झाल्यावर हिस्लॉप एका शाळेच्या तपासणीसाठी मागे थांबले. संध्याकाळी ते घोड्यावरून एकटेच मुक्कामाकडे निघाले. वाटेत एक ओढा होता. जाताना सहज ओलांडलेला तो ओढा पावसाने फुगला होता. काही वेळाने घोडा एकटाच मुक्कामी आला. लोक धावले, शोध झाला आणि हिस्लॉप यांचा मृतदेह पाण्यात सापडला. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. दगडांची, गोंडांची आणि शिळावर्तुळांची टिपणे अपुरीच राहिली.

टेंपल यांनी ती टिपणे गोळा केली. मध्य प्रांतातील आदिवासी जमातींविषयीचे हिस्लॉप यांचे कागद त्यांनी स्वतः संपादित करून १८६६ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध केले. त्यात लिंगोची कथा गोंडी मुळासह आहे. मध्य भारतातील एखाद्या आदिवासी महाकथेची एवढी सविस्तर नोंद त्यापूर्वी क्वचितच छापली गेली असेल. जीवाश्मांसंबंधीच्या त्यांच्या पत्रांतील काही भाग लंडनच्या त्याच त्रैमासिकात १८६४ मध्ये आला. त्यांच्या शाळेतून वाढत गेलेले महाविद्यालय १८८३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होऊन सुरू झाले. त्या महाविद्यालयाचे नाव हिस्लॉप यांचे आणि समोरच्या रस्त्याचे नाव टेंपल यांचे, हा नागपूरच्या नगररचनेतला योगायोग आजही कायम आहे.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे अजब बंगला, टेंपल यांच्याच पुढाकाराने हिस्लॉप गेले त्याच वर्षी, १८६३ मध्ये स्थापन झाले. परंतु प्रजातींची नावे ज्या नमुन्यांवर आधारली आहेत ते नागपूरबाहेर, बरेचसे देशाबाहेर आहेत. तुलना करायची तर आजही अभ्यासकाला लंडन गाठावे लागते. नमुने पाठवण्याचा हिस्लॉप यांचा निर्णय शास्त्राच्या दृष्टीने योग्य होता, याबद्दल शंका नाही. त्याची किंमत नागपूरने दिली, हेही तितकेच खरे.

टाकळी आता नागपूर शहरातच आहे. जेथे हिस्लॉप आणि हंटर दगड फोडत फिरले तेथे घरे, वसाहती आणि रस्ते झाले. त्याच पट्ट्यातील गिट्टीखदान येथील आंतर-ट्रॅप स्तरातून मिळालेल्या मासे, उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सूक्ष्म अवशेषांवर १९८४ मध्ये शोधनिबंध निघाला. त्यानंतर शहर आणखी पसरले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील मोठ्या हाडांकडेही हिस्लॉप यांचे लक्ष गेले होते. त्याच गावच्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश असल्याचे २००५ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते हा जुना समज मोडीत निघाला.

मरे यांनी वर्णिलेले दोन भुंगेरे आज जुन्या सूचींतच भेटतात. ओल्डहॅम यांच्या माशाचे प्रजातिनाम पुढच्या अभ्यासकांनी बदलले. हिस्लोपिया ही प्रजाती मात्र आजही मान्य आहे. तिच्या आणखी जाती आशियातील इतर देशांच्या गोड्या पाण्यात सापडल्या आहेत. हिस्लोपिया लॅकस्ट्रिस भारतातील तळ्यांत आणि नद्यांत शंखांच्या पाठीवर, बुडालेल्या काटक्यांवर आणि पाणवनस्पतींच्या देठांवर आढळते.